दुसऱ्या खेळाडूची जागा

मी त्या दिवशी फक्त अ‍ॅडॅप्टर आणायला गेले होते, एवढं आधी लक्षात घ्या. पुढे जे झालं, त्याची सुरुवात इतकी साधी आहे.

मेंदीचा रंग अजून नखांवर होता, तेव्हाची गोष्ट. रविराजने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सातपूरला कंपनीत निघताना दारातूनच सांगितलं, "नाशिकरोडला जाणारच आहेस तर बिटको चौकाच्या मागे शेखरचं दुकान आहे. माझं नाव सांग. व्हिडिओ गेमचा अ‍ॅडॅप्टर देईल." लग्नानंतर नवऱ्याने सांगितलेलं हे पहिलं काम. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या नवऱ्याने पहिल्यांदा पासपोर्टचे फोटो काढून आण म्हणून सांगितलं होतं. असो. जिचं तिचं नशीब.

शेखरभाऊंचं दुकान म्हणजे दोन गिऱ्हाइकं आत असली तर तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा, असं. छतापासून लोंबणाऱ्या वायरी, पोट उघडून ठेवलेले रेडिओ, आणि काउंटरच्या काचेखाली पिवळ्या, काळ्या, राखाडी कॅसेटी. नाव सांगताच त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि समोरच्या टपरीवाल्याला बोटांनीच चहा सांगितला.

"वहिनी, एक लक्षात ठेवा. मोबाइलच्या दुकानातला अ‍ॅडॅप्टर याला कधी लावू देऊ नका. या मशीनची पिन उलटी असते. बाकी जगाचं प्लस आत, हिचं मायनस आत. चुकलं की धूर."

"बरं."

"आणि कॅसेटमध्ये फुंकर मारायची नाही. लहानपणी आपण सगळेच मारायचो. व्हायचं काय, थुंकी उडायची आणि पिना गंजायच्या. स्पिरिट घ्यायचं, कान साफ करायची काडी घ्यायची, हळूच पुसायचं."

"पण फुंकर मारली की चालायची ना?" निफाडला माझ्या चुलतभावाकडे असला डबा होता. त्याची फुंकर द्राक्षबागेच्या टोकाला ऐकू यायची.

"ती फुंकरीने नाही चालायची. काढून परत बसवली म्हणून चालायची. पण हे सांगणार कोणाला? माणसाला वाटतं, आपण जीव फुंकला." ते हसले. मग माझा नंबर घेतला. "आमचा ग्रुप आहे, कॅसेट कट्टा. तुम्हालाही घेतो, नवऱ्यावर लक्ष राहील. फक्त त्याला म्हणावं, बारवेच्या दाराचा विषय परत काढू नको. चांदवडचा किशोर मग त्याला सोडत नाही."

"कुठलं दार?"

शेखरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. नव्या नवरीला नवऱ्याबद्दलची गोष्ट दुकानदाराकडून कळावी, याने त्यांना अवघडल्यासारखं झालं असावं. मला तर झालंच. पण मी चहाचा घोट घेतला आणि गप्प राहिले. गप्प बसलं की लोक बोलतात, हे मला फार लहानपणी समजलंय.

गोष्ट अशी होती. आमच्या पिढीच्या थोडं आधीच्या पोरांकडे एक कॅसेट असायची, वर जपानी अक्षरं आणि विहिरीचं चित्र. खरं नाव कोणालाच वाचता यायचं नाही, म्हणून पुण्याची पोरं त्याला 'भुयार' म्हणायची, नागपूरची 'पाताळ' आणि नाशिकची 'बारव'. कंदील घेतलेलं एक पोर पायऱ्यांच्या विहिरीत उतरत जातं; दोघं खेळत असतील तर दोन, पहिल्याचं लाल, दुसऱ्याचं हिरवं. वटवाघळं, बेडूक, शेवाळावरून घसरणं. अगदी तळाशी एक दार, आणि दाराला तोंड करून, आपल्याकडे पाठ करून बसलेली एक म्हातारी. ती हलत नाही. मारली तर मरत नाही. सगळ्यांचा खेळ तिथेच संपायचा.

"का, ते मोठेपणी कळलं," शेखरभाऊ म्हणाले. "जपानच्या अस्सल मशीनमध्ये दुसऱ्या जॉयस्टिकला माइक असायचा. त्यात तोंडाने हाक मारली की म्हातारी उठून दार उघडणार. आपल्याकडे आलेली सगळी मशीन नकली. दुसऱ्या जॉयस्टिकवर नुसती भोकं पाडलेली. आत काही नाही. म्हणजे भारतात ते दार कोणाच्याच घरी उघडलेलं नाही. उघडूच शकत नाही."

"आणि हे काय म्हणतात?"

"रवी म्हणतो, आमच्याकडे उघडलं होतं. बहिणीने हाक मारली आणि उघडलं."

मला नणंद होती, हे मला माहीत होतं. देवघराशेजारी फोटो आहे. दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढचे दात जरा मोठे. संजना. बारा वर्षांची असताना मेंदूज्वराने गेली, एवढंच सांगितलं होतं मला, आणि तेही लग्न ठरवणाऱ्या मावशीने.

आमचं घर एकलहऱ्याला, वीज प्रकल्पाच्या कंपाउंडपासून थोडं अलीकडे. सासरे प्रकल्पात होते, नोकरीत असतानाच त्यांनी बांधलं आणि निवृत्त झाल्यावर फार न राहता गेले. आता घरात आम्ही तिघंच. इथं पूर्ण शांतता अशी कधी नसतेच. जमिनीखालून यावी तशी एक घरघर कायम चालू असते. पहिले काही दिवस मला वाटायचं, कोणीतरी शेजारच्या खोलीत झोपलंय. खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं की राखेचं पीठ लागतं. तुळशीची पानं रोज पुसावी लागतात.

त्या घराची एक रीत मला चमत्कारिक वाटायची. जेवायला कोणी कोणाला हाक मारत नाही. माझ्या माहेरी आईची 'जेवायला चला गं' ही आरोळी तीन बागा ओलांडून जायची. इथे सासूबाई ताटं वाढतात, येऊन दाराशी उभ्या राहतात आणि आपलं लक्ष जायची वाट बघतात. रविराजचं लक्ष गेलं नाही तर तशाच परत जाऊन भाकरी झाकून ठेवतात. मी एकदा हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यांनी चटकन माझ्या दंडावर हात ठेवला. "नको. येईल तो."

संध्याकाळी रविराज मागच्या खोलीत बसायचा. तिथे पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही आहे, कारण नव्या टीव्हीवर हा डबा दिसत नाही, 'नो सिग्नल' म्हणतो. आधी मुंग्या, मग खरखर, मग चित्र. जमिनीवर एक सतरंजी. रविराज तिच्या डाव्या टोकाला बसायचा, उजवी बाजू रिकामी. त्या रिकाम्या जागेसमोर दुसरी जॉयस्टिक वायर गुंडाळून नीट ठेवलेली.

अ‍ॅडॅप्टर आणला त्या संध्याकाळी मी त्या जागेवर बसले. सहजच. हात जॉयस्टिककडे गेला.

"ती नको," तो म्हणाला. रागाने नाही. एखाद्याने झोपलेल्या मुलावरून चादर काढायला जावं आणि आपण 'नको' म्हणावं, तसं. मी उठून मागे भिंतीला टेकून बसले. माझ्या नवऱ्याचा उजवा खांदा आणि त्याच्याशेजारची ती रिकामी जागा, एवढं मला दिसत होतं. आमचं ठरवून झालेलं लग्न. दोघंही कमी बोलणारे. मला त्याच्याकडून फार काही नको होतं हो. त्या सतरंजीची उजवी बाजू हवी होती.

बऱ्याच वेळाने, म्हातारीपर्यंत पोचल्यावर, तो मागे न वळता बोलायला लागला.

"मे महिन्याची सुट्टी होती. संजूताईने जॉयस्टिक तोंडाशी धरली आणि गंमत म्हणून म्हणाली, आज्जी, दार उघडा ना. आणि ती उठली, वेदिका. मी पाहिलंय. ताई मला म्हणाली, तू थांब इथं, मी पुढे बघून येते. तिचा हिरवा पोरगा आत गेला. दार लागलं. मी बाहेर, माझा लाल घेऊन. मी वाट बघत होतो. आणि आईने प्लग काढला. जेवायला उशीर झाला म्हणून. त्याच रात्री ताप आला तिला."

टीव्हीत पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज होत होता. त्या दारापाशी खेळाचं संगीत थांबतं, फक्त थेंब पडत राहतो.

"मला परत एकदा उघडून बघायचंय," तो म्हणाला. "बस. एकदा."

'आणि उघडलं तर?' असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

ग्रुपवर भांडण पेटलं ते त्याच आठवड्यात. एरवी तिथे 'बेडकातून लाइफ कंदील विझवल्यावरच निघते' आणि 'तापलेलं मशीन फ्रिजमध्ये ठेवावं का' असल्या चर्चा. (नाही ठेवायचं. एकाने ठेवलं होतं.) किशोरने लिहिलं, रव्या थापा मारतो. रविराजने लिहिलं, घरी या. शेखरभाऊंनी रविवार ठरवला.

किशोर चांदवडहून येताना कांद्याची पिशवी घेऊन आला. उंच, सैल शर्ट, कपाळावर चष्मा. दारातच म्हणाला, "वहिनी, आज तुमच्या मालकाची इज्जत जाणार हाय. हे कांदे त्या दुःखात चिरा."

"आधी चहा घ्या," मी म्हटलं, "मग इज्जतीचं बघू."

"अरे वा, बोलत्यात की वहिनी! रव्या तर म्हणला, मुक्या हायत."

"मी असं म्हटलेलं नाही," रविराज.

"मनात म्हणला असशील."

दुपारभर मागच्या खोलीत नुसता गोंधळ. शेखरभाऊंनी स्टीलच्या ताटलीत स्क्रू जपून ठेवत दुसरी जॉयस्टिक उघडली. तिघांची डोकी एकमेकांना लागली. आत हिरवी पट्टी, चार रबरी बटणं, आणि भोकांच्या मागे काही नाही. पोकळ प्लास्टिक. शेखरभाऊंनी टॉर्च मारला, तर उजेड भोकांतून आरपार छतावर पडला.

"घ्या," किशोर म्हणाला. "हाय का माइक? कुठं हाय माइक?"

रविराजने तो रिकामा तुकडा हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला. त्याचा चेहरा बघून किशोरचाही आवाज खाली आला. पण थट्टा सुटेना. "चल, खेळून दाव मग. एकट्याचाच लाव, हिरवा नको."

रविराज खेळला. मी त्याला इतकं बिनचूक खेळताना कधी पाहिलं नव्हतं. किशोर शेजारून माहिती देत होता. "वहिनी, एक बघा. ह्या गेममधी एकपण माणूस आपल्याकडं बघत नाय. सगळे आडवे, नायतर पाठमोरे. समोरून तोंड काढलंच नाय कोणाचं. मेमरी पुरत नव्हती म्हणत्यात."

दार आलं. थेंब पडायला लागला. किशोरने ताटलीतलं उघडं कवच उचलून तोंडाशी धरलं. "ओ आज्जी! कांद्याला भाव द्या!"

म्हातारी हलली नाही. शेखरभाऊंनी हाक मारली. शेवटी रविराजने, अगदी हळू, "आज्जी, दार उघडा ना…" म्हटलं, आणि त्या आवाजाने खोलीतलं हसू संपलं. काहीच झालं नाही. किशोरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे रे. लहानपणीचं आपल्याला कायपण आठवतं. मला तर आठवतं, आमचा बैल बोलायचा."

शेखरभाऊ दुकानाकडे निघाले. दिवेलागणीला रविराज किशोरला बसपर्यंत सोडायला गेला. जाताना मला म्हणाला, "बंद करू नकोस हं. या कॅसेटला मेमरी नाही. बंद केलं की परत पहिल्या पायरीपासून. मी आल्यावर आणखी एकदा…"

मोटारसायकलचा आवाज वळणावर गेला. सासूबाई पुढे देवापाशी होत्या. मी चहाचे कप गोळा करायला मागच्या खोलीत आले.

खोलीत टीव्हीचाच काय तो उजेड होता. तापलेल्या प्लास्टिकचा, तापलेल्या धुळीचा वास. दुसरी जॉयस्टिक ताटलीत, पोट उघडं, वायर कशालाच लावलेली नाही. पडद्यावर रविराजचा लाल पोरगा कंदील घेऊन उभा, समोर ती पाठ. टप्. टप्.

मी सतरंजीच्या उजव्या बाजूला बसले. कोणी नको म्हणायला नव्हतं. पण चोरून बसल्यासारखं वाटलं. कोणाच्या घरी जाऊन त्याच्या खुर्चीत बसावं, आणि तो माणूस आतून यायचा असावा, तसं. म्हणून, हसाल तुम्ही, पण मी बोलले. कोणालातरी सांगायला हवं होतं.

"संजनाताई," मी म्हटलं, "मी वेदिका. तुमची भावजय. आपली भेट झाली नाही. मी तुमच्या जागेवर बसलेय, राग मानू नका… तुम्ही म्हणाल तर उठते."

थेंब पडायचा थांबला.

म्हातारीने मान हलवली. आधी मान, मग खांदे. गुडघ्यावर हात ठेवून, जशी म्हातारी माणसं उठतात तशी ती उठली, चौकटी चौकटींची बनलेली असूनही अगदी तशी. ती बाजूला झाली. दार उघडलं. आणि माझ्या नाकात वास आला, ओल्या दगडाचा, शेवाळाचा, खूप खोल पाण्याचा. आमच्याकडे नळाचं पाणी आहे. जवळपास विहीर नाही.

दारातून एक हिरवं पोर बाहेर आलं. हातातला कंदील विझलेला. ते लाल पोराशेजारी येऊन उभं राहिलं. वाट बघितली. मग जागच्या जागी एक उडी मारली, जशी पोरं 'चल ना' म्हणताना मारतात. लाल हललं नाही. त्याची जॉयस्टिक जमिनीवर पडलेली होती.

आणि ते हिरवं पोर वळलं. माझ्याकडे.

चेहरा होता. काय सांगू… दोन-चार ठिपक्यांचा. पण पुढचे दात जरा मोठे होते.

टीव्हीच्या स्पीकरमधून खरखर आली. खरखरीच्या मागून, खूप खालून, एक मुलीचा आवाज. दमलेला.

"रवी?… रवी कुठंय?"

तेवढ्यात वळणावर मोटारसायकल ऐकू आली.

माझ्या अंगावर काटा होता, पण मला जे वाटलं ती भीती नव्हती. मला स्पष्ट दिसलं की आता तो येईल, सतरंजीच्या डाव्या टोकाला बसेल, जॉयस्टिक उचलेल आणि म्हणेल, आलो ताई. आणि दोघं त्या दारातून आत जातील. मग या खोलीत माझा नवरा बसलेला राहील. बसलेला, एवढंच.

मी हात लांब केला आणि प्लग काढला.

चित्र आक्रसत आक्रसत एक पांढरा ठिपका झालं आणि तोही गेला. मागे वळले तर दारात सासूबाई उभ्या. हातात निरांजन. केव्हापासून उभ्या होत्या, देव जाणे.

"आई, मी…"

"मीही हेच केलं होतं," त्या म्हणाल्या. "जेवायला उशीर झाला म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. पण तसं नव्हतं गं. त्या दिवशी मी इथं, दारात आले. संजू इथं बसली होती, तू बसलीस तिथं, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, संजू, जेवायला ये. तर ती हलली नाही. आणि टीव्हीतून तिचा आवाज आला. आई, आले हं, थांब…"

बाहेर फाटकाची कडी वाजली.

"मी घाबरले. बंद केलं. सतरंजीवरची पोरगी तशीच बसून राहिली. हाताला लागली तर गार. रात्री मग अंग तापलं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तेव्हापासून या घरात जेवायला हाक मारायला मी धजत नाही. वाटतं, ज्याला हाक मारू तो तर येईलच… पण तीही 'आले' म्हणेल. आणि यायला वाट कुठाय तिला? वाट तर मीच बंद केली."

रविराज आत आला. काळ्या पडद्याकडे पाहत उभा राहिला.

"बंद कसा झाला?"

"लाइट गेली होती," सासूबाई म्हणाल्या.

एकलहऱ्यात. विजेच्या चिमण्यांच्या पायथ्याशी. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. रविराजने पंख्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि का कोण जाणे, त्याने ते मानलं. मला वाटतं, त्याला कोणीतरी अडवायला हवंच होतं.

जेवणं झाली. मग तो ताटली घेऊन सतरंजीवर बसला, एकेक स्क्रू लावून त्याने दुसरी जॉयस्टिक जोडली आणि माझ्यापुढे धरली.

"किशोरचं बरोबर आहे," तो म्हणाला. "नव्हतंच काही. मीच धरून बसलो होतो इतकी वर्षं. उद्यापासून तू खेळ माझ्याबरोबर. आधी बेडकांचं शिकवतो." आणि हसला. लग्नाच्या फोटोतही तो असा हसलेला नाही. त्याने सतरंजीची उजवी बाजू हाताने झटकली, राख असते ना सगळीकडे, आणि म्हणाला, "बस की."

मी बसले. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मला हवं होतं ते एवढंच.

तेव्हा माझा फोन थरथरला. किशोरचा आवाजी मेसेज, ग्रुपवर नाही, मला एकटीला. रविराज वायर गुंडाळत होता. मी फोन कानाला लावला.

"वहिनी… घरी पोचलो. म्हणलं गंमत म्हणून आपली पण कॅसेट लावावी. दारापाशी आलो तर… वहिनी, मी काय बोललोच नाय हो. दुसरी जॉयस्टिक माझ्याकडं नायच. म्हातारी आपली आपण उठली. एक पोरगी आली बाहेर… ऐका तुम्हीच. रव्याला सांगू नका."

मग खरखर. आणि तोच आवाज. पण या वेळी पोरं दुसऱ्याच्या दारात उभं राहून जसं विचारतात ना, चप्पल न काढता, तसा.

"काका, रवी आहे का?"

मी तो मेसेज पुसून टाकला.

"कोण आहे?" रविराजने विचारलं.

"किशोरभाऊ. पोचले म्हणतायत."

थोड्या वेळाने शेखरभाऊंचा आला. नाशिकरोडहून. तो मी ऐकला नाही. चांदवड केवढं लांब आणि नाशिकरोड केवढं जवळ, याचा विचार डोक्यात आला तशी मी फोन पालथा घातला, आणि नवऱ्याचा हात हातात घेतला. त्याला वाटलं, मी लाजतेय.

सकाळी उठून मी तुळशीवरची राख पुसत होते. रविराजची आंघोळ चालली होती, सासूबाई पोहे भिजवत होत्या. उन्हात सगळं नेहमीसारखं दिसत होतं. पलीकडच्या खोलीत नुकत्याच भाड्याने आलेल्या सरुबाई कंपाउंडवरून डोकावल्या. त्या पेठकडच्या. आमच्या घरचं त्यांना काही माहीत नाही.

"काय गं सूनबाई, पाव्हणी आली हाय का तुमच्यात?"

"नाही. का हो?"

"काल जेवणं उरकल्यावर एक पोरगी आली व्हती दारात. धा-बारा वर्साची आसंल. रवी आहे का, इचारत व्हती. लय दमली व्हती बिचारी, लय दारं फिरून आल्यावानी. मी म्हणलं, इथं नाय बाई, ह्या शेजारच्या घरात हाय रवी." त्यांनी आमच्या दाराकडे हात केला. "फाटकापातूर आणून सोडली म्या तिला."

आत आंघोळीच्या पाण्याचा आवाज थांबला होता.

"सापडलं ना मंग तिला घर?"